एक स्टार देणाऱ्या दादांना कणकवलीच्या दुकानातून उत्तर

नमस्कार दादा,

चतुर्थीच्या रात्री आरती चालू असताना आमच्याकडून घेतलेल्या स्मार्ट घड्याळात हृदयाचे मिनिटाला 152 ठोके दिसले, घरचे घाबरले, रातोरात दवाखाना गाठला आणि ईसीजी नॉर्मल निघाला, हे तुम्ही लिहिलेलं वाचलं. ऐन सणात घराला घोर लागला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. डॉक्टरांकडे गेलात ते योग्यच केलंत.

पण ‘डुप्लिकेट माल गळ्यात मारला’ हे वाचून रात्रभर झोप लागली नाही. 19 वर्षं बाजारात दुकान आहे. सील तुमच्यासमोर फोडलं, पक्कं बिल दिलं. एवढं करून हे ऐकायचं?

आता ते 152. तुम्ही मोबाइल दाखवलात तेव्हा मी आलेख नीट बघितला. साडेआठपर्यंत आकडा 80-85, मग एकदम वर, आणि सव्वानऊला धाडकन खाली. त्या पाऊण तासात तुम्ही झांज वाजवत होतात, हे तुम्हीच सांगितलंत. या घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो. रक्त तो उजेड शोषून घेतं. ठोक्यागणिक मनगटात रक्त वाढतं, परत येणारा उजेड कमी होतो, त्या कमी-जास्तावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल आणि हात एका लयीत हलणारा असला, की घड्याळ हाताच्या लयीलाच नाडी समजतं. तुमच्या हातात ते कड्यासारखं खाली-वर होत होतं. घेतानाच मी म्हटलं होतं, एक भोक आत घ्या. तुम्ही म्हणालात, काचतं.

तक्रार घेऊन आलात त्या दिवशी तुम्हाला खुर्चीवर बसवून मनगटावर बोटं ठेवली आणि पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. माझ्या मोजणीत 78, घड्याळात 80. हे तुमच्या रिव्ह्यूत कुठेच नाही, याचं वाईट वाटतं.

2017 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात यंत्रं 60 जणांवर तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सहा यंत्रांची चूक 5 टक्क्यांच्या आत निघाली. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी 27 टक्के चुकलं. म्हणून कॅलरीच्या आकड्यावर जाऊ नका, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, तुम्हालाही सांगितलं होतं. हे डॉक्टरचं यंत्र नव्हे, असं बिलावर पेनाने लिहूनही दिलं आहे.

23 दिवसांनी, बॉक्स टाकून दिल्यावर कंपनी माल परत घेत नाही. मी पैसे परत दिले तर 2,799 रुपये माझ्या खिशातून जातात. नकार देताना माझा आवाज चढला असेल, तेवढं माफ करा.

यापुढे पट्टा बांधून दाखवल्याशिवाय घड्याळ देणार नाही, आणि जमेल तसा मराठीत एक कागदही छापून घेऊ.

रागात तुमचा चार्जर काउंटरवरच राहिला. नाव लिहून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.