देणगीच्या पैशातून एजन्सीची फी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर,

प्रतिक्रिया तुम्ही सविस्तर लिहिलीत, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की सामाजिक संस्थेला समन्वयक किंवा हिशेबनीस हवा असेल तर भरती करून देणाऱ्या एजन्सीकडे जायला हरकत नाही, फक्त ती पारखून घ्यावी. त्यावर तुमचं म्हणणं असं: देणगीचा पैसा दलालीत का घालवायचा? आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सगळे एकमेकांना ओळखतात, मग मध्ये तिसरा कशाला? आणि एजन्सीने आणलेली पोरं सहा महिन्यांत पळतात. शेवटी ‘तुम्हाला यात काही सुटतं का’ असंही विचारलंत. नाही सुटत. सुटत असतं तर लेखात एखाद्या फर्मचं नाव तरी आलं असतं.

पैशाचं आधी बघू. महिना ३०,००० पगाराची जागा धरा. एजन्सी बहुधा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के मागते, म्हणजे एका महिन्याचा पगार. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५,४०० रुपये. झाले ३५,४००. वरच्या जागांना टक्का आणखी चढतो. संस्थेची जीएसटी नोंदणी नसेल तर त्या कराची वजावटही मिळत नाही. परदेशी देणगी असेल तर तुमचा मुद्दा आणखी वजनदार होतो. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आणली, आणि व्यवस्थापनासाठी माणसं नेमण्याचा खर्च त्या २० टक्क्यांतच धरला जातो. त्यामुळे फी कुठल्या खात्यातून जाणार, हे सही करण्याआधी सीएला विचाराच. पण याच हिशेबाची दुसरी बाजूही मांडा. कच्चा हिशेबनीस आला, पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र रखडलं आणि देणगीदाराने पुढचा हप्ता थांबवला, तर ३५,४०० कुणाला आठवणारही नाहीत.

ओळखीच्या भरतीबद्दल माझं मत तुमच्याहून वेगळं आहे आणि ते तसंच राहील. विश्वस्ताच्या पाव्हण्यातला पोरगा कामाला लागला की त्याला ‘काल कुठं होतास’ असं विचारायचं कुणी? आणि चंदगडच्या आतल्या गावातनं येऊन एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलेली मुलगी, जिचा एकही नातेवाईक कुठल्या मंडळावर नाही, तिला ही जागा निघाल्याचं कळणार कसं? कोल्हापुरात सगळे सगळ्यांना ओळखतात हे आपण कौतुकाने म्हणतो, पण त्या ‘सगळ्यां’त ती नसते.

एक मात्र तुमचं शंभर टक्के पटतं. गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्यासाठी एजन्सी नकोच. शाहूवाडी-राधानगरीच्या वाड्यांवर जाणारा माणूस तिथलाच हवा. ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद लावा, आशाताईंच्या कानावर घाला, कोल्हापुरातल्या ‘सायबर’ कॉलेजच्या समाजकार्य विभागात सूचना द्या. काम होतं.

आता पोरं पळण्याचं. याचा सगळा दोष एजन्सीवर टाकायला मी तयार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच एजन्सींचं पोट शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या एमआयडीसीवर चालतं. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने समन्वयक मागितला, तेव्हा आलेला पहिलाच बायोडाटा फाउंड्रीतल्या शिफ्ट सुपरवायझरचा होता. ‘रिजेक्शन कमी केलं, टार्गेट वेळेत पूर्ण केलं.’ माणूस आपल्या कामात चोख असेलही. इथं त्याला बीडकडच्या टोळीच्या मुकादमाशी गोडीगुलाबीने बोलून पोरं फडावरून वर्गात आणायची होती. पण संस्थेने एजन्सीला काय लिहून दिलं होतं? ‘समाजकार्याची आवड, दुचाकी आवश्यक.’ एवढंच! यावरून कुणीही काय शोधून देणार?

त्याच करारात एक कलम होतं, ते मुद्दाम सांगतो. माणूस ९० दिवसांच्या आत सोडून गेला तर एजन्सी दुसरा देणार. वाचायला बरं वाटतं. पण माणूस जुलैत रुजू झाला तर ही मुदत ऑक्टोबरात संपते आणि उसाचं गाळप, म्हणजे टोळ्या येण्याचा हंगाम, बहुधा नोव्हेंबरात सुरू होतो. म्हणजे खरं काम बघायच्या आधीच हमी संपलेली! अशा जागेसाठी एकतर हमी हंगामात दोन महिने भरेपर्यंत वाढवून घ्या, नाहीतर फी दोन हप्त्यांत द्या आणि दुसरा हप्ता डिसेंबरअखेर ठेवा. दुसरा माणूस मिळाला नाही तर पैसे परत मिळणार का, हेही लिहून घ्या. तोंडी ‘बघू की’ला अर्थ नाही. आणि एजन्सी उमेदवाराकडूनही पैसे घेते असं कळलं तर तिथून उठा.

मुलांशी रोजचा संबंध येणारी जागा असेल तर ‘आम्ही चौकशी केलीय’ या एजन्सीच्या शब्दावर थांबू नका. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ही संस्थेची जबाबदारी आहे. ती फी देऊन दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही.

तुमच्या संस्थेत सध्या हिशेबनीसाची जागा रिकामी आहे असं तुम्ही लिहिलंय. ज्या एजन्सीशी बोलाल, तिच्याकडे अशा दोन संस्थांचे फोन नंबर मागा जिथं त्यांनी दिलेला माणूस दोन वर्षं टिकलाय. कारखान्यांचे नाही, संस्थांचे. आणि फोन केलात की नुसतं सचिवांशी बोलून फोन ठेवू नका, तो हिशेबनीसच लाइनवर मागून घ्या.