आमच्या झेनमधला खंबाटकी घाट

आमच्याकडे झेन ऑटोमॅटिक आहे. हो, मारुतीने त्या काळी झेन ऑटोमॅटिकमध्येही काढली होती, तीन गिअरवाली, हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

तर झालं काय, गिअरच्या लिव्हरवरचं अंगठ्याचं बटण अडकायला लागलं. दाबलं की आतच. मेस्त्री म्हणाला, "साहेब, स्प्रिंग गेलीय, टाकून देतो, विषय संपला." विषय तिथेच संपायला हवा होता. पण आदल्याच आठवड्यात मेव्हण्याच्या गाडीत बसलो होतो, आणि तिथे सरळ पट्टीतला दांडा नव्हता, खंबाटकी घाटासारखी नागमोडी खाच होती, बटण-बिटण काही नाही, खट डावीकडे खट उजवीकडे, आणि मेव्हणा तो असा फिरवत होता की जणू सतारीवर मींड घेतोय. मी म्हटलं, आपल्याला हाच पाहिजे.

रविवारी जुन्या बाजारात गेलो. पितळी समई आणि मिक्सरच्या भांड्याच्या मधे पडला होता, कुठल्यातरी मोठ्या सेडानचा, पट्टीसकट. 2000 सांगितले, 900 ला आणला. घरी येईपर्यंत मी जिंकल्याच्या आनंदात होतो. बायको एवढंच म्हणाली, "अहो, यावर सात घरं आहेत. आपल्याला सहा लागतात ना?"

तिने बरोबर मोजलं होतं. P, R, N, D, 3, 2, L. म्हणजे पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, नेहमीचा पुढे जायचा ड्राइव्ह, मग थर्ड, सेकंड आणि शेवटी लो, म्हणजे पहिला गिअर. चार गिअरच्या गाडीचा दांडा होता तो. म्हटलं, 3 चं एक घर जास्तीचं, असू दे, पाहुण्यांना.

भोकं अर्थातच जुळली नाहीत, म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी प्लेट करून घेतली, 600 रुपये. केबलचं टोक बसेना, त्याचा वॉशर, मग त्या वॉशरचा वॉशर. पण खरी मेख केबलच्या ओढीत होती. दांडा एक घर सरकला की केबल किती ओढली जायला पाहिजे हे गाडी बनवतानाच ठरलेलं असतं, आणि ह्या नव्या दांड्याचा खालचा हात जुन्यापेक्षा लांब, त्यामुळे मी वर एक घर सरकवलं की खाली जवळजवळ दोन. मेस्त्रीने N जुळवला आणि बाकीचं देवावर सोडलं.

पहिल्या फेरीला निघालो. D मध्ये टाकली, गाडी झकास निघाली, फक्त पौड रोडला साठाच्या आसपास इंजिन चटणी वाटल्यासारखं ओरडायला लागलं, कारण पट्टीवर D असला तरी खाली बिचारी सेकंडमध्ये पळत होती. सोसायटीत परत आलो, बायको मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" करतेय, मी R मध्ये टाकली, गाडी ढिम्म. ना रिव्हर्सचा दिवा ना काही. बंद करून, दांडा तसाच R मध्ये ठेवून किल्ली फिरवली तर लगेच सुरू! ऑटोमॅटिक सुरू होते ती फक्त P किंवा N मध्ये, पण ती परवानगी गिअरबॉक्सवरचा स्विच देतो, वर दांडा काय म्हणतोय ते तो विचारत नाही, आणि खाली गाडी केव्हाच P मध्ये जाऊन बसलेली. रिव्हर्स शेवटी सापडला तो N आणि R च्या मधल्या वळणावर, जिथे काहीच लिहिलेलं नाही.

रात्री वाचत बसलो. (आधी वाचायला पाहिजे होतं, माहितीये.) 1940 च्या ओल्ड्समोबिलमध्ये पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ऑटोमॅटिक आली, त्यात R होता L ला चिकटून, मग लोक L मध्ये टाकायला जायचे आणि मागे यायचे. 1958 च्या एडसेलमध्ये तर गिअरची बटणं स्टिअरिंगच्या मधोमध, म्हणजे हात हॉर्न शोधायचा तिथेच. शेवटी 1968 पासून अमेरिकेने नियमच केला की पुढचा आणि मागचा गिअर यांच्यामध्ये न्यूट्रल पाहिजेच. एवढी वर्षं खपून जगाने जे सरळ केलं ते मी 900 रुपयांत वाकडं करून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने न बोलता दांड्याचा हात काढला आणि मुळाच्या जवळ नवीन भोक पाडलं. ओढ निम्म्यावर आली. आता P, R, N, D चोख. पुढे मात्र 3 मध्ये टाकलं की सेकंड, 2 मध्ये टाकलं की L, आणि L च्या घरात दांडा जातच नाही. तिथे बायकोने टिकली चिकटवलीय.

परवा एका लग्नाला गेलो तर कार्यालयाच्या दारात पार्किंगवाल्या पोराने किल्ली मागितली. "काका, ऑटोमॅटिक ना? येते मला." मी म्हटलं, बाळा, ऐक, 3 म्हणजे दोन, 2 म्हणजे एक, टिकलीकडे जायचं नाही...

त्याने किल्ली परत माझ्या हातात ठेवली. "काका, तुम्हीच लावा. तिकडे नारळाखाली जागा आहे."