रुमालातलं दप्तर आणि मुलांचं दप्तर

आमच्या नाशिकच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पंधरा दिवस एकच वाद पेटलाय: इतिहासाच्या पुस्तकात कुणाला किती पानं. मी वॉशिंग्टनजवळ राहते, रात्री बसून सगळं वाचते. पानं मोजली जातात. ती वर्गात कोण, कशी शिकवतं, हे कुणीच विचारत नाही.

इथे नाइन्थ स्ट्रीटवर विटांचं एक अरुंद घर आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांचा इतिहास जमवणारे इतिहासकार कार्टर वुडसन १९२२ पासून १९५० मध्ये मरेपर्यंत तिथे राहिले. गुलामीतून सुटलेल्या आईबापांचा हा मुलगा. कोळशाच्या खाणीत राबता राबता निरक्षर खाणकामगारांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. विसाव्या वर्षी हायस्कूलमध्ये गेला आणि १९१२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली.

त्या घरासमोर उभं राहिलं की मला इतिहासाचार्य राजवाडे आठवतात. वाईला मिळालेल्या कागदांवरून त्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, पुढे बावीस झाले. गावोगाव पायपीट, कुणाच्या तरी वाड्यात रुमालात बांधून पडलेली दप्तरं. पत्नी गेल्यावर पुन्हा संसार मांडला नाही. वुडसन तर अविवाहितच राहिले. जिद्द एकाच जातीची.

पण वुडसन कागदापाशी थांबले नाहीत. लिंकन आणि गुलामीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या जयंत्या लोक आधीपासून साजऱ्या करत होते. तोच आठवडा धरून त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांचा इतिहास सप्ताह सुरू केला आणि जयंतीला अभ्यास जोडला. शिक्षकांना पाठ, चित्रं, छोटी नाटकं पुरवली. १९३७ मध्ये शाळांसाठी वेगळं मासिक काढलं. त्याच १९२६ च्या ३१ डिसेंबरला राजवाडे धुळ्यात वारले.

राजवाड्यांना मी उणं लेखत नाही. त्यांनी कागद वाचवला नसता तर शिकवायचं काय? पण दप्तर त्याचंच उरतं, ज्याच्या दारी कारकून होता.

मागच्या दिवाळीत काळाराम मंदिरात गेलो होतो. सातवीतला भाचा म्हणाला, “आत्या, इथे सत्याग्रह झाला होता? कधी?” तो तिथून दहा मिनिटांवर राहतो. मीही पंचवटीतच वाढले. माझ्या शाळेत रामाचा वनवास शिकवला, पण २ मार्च १९३० ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड दलितांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून हजारो माणसांसह याच मंदिराच्या दारांशी आले होते, हे कुणी सांगितलं नाही. ते मला नाशिक सोडल्यावर कळलं, याची मला फार लाज वाटते. त्या सत्याग्रहींची नातवंडं आजही नाशकात आहेत. त्यांच्या घरात आठवणी आहेत, त्या लिहून घ्यायला हव्यात.

ग्रुपवर मी लिहिलं: पानांचं राहू द्या, येत्या २ मार्चला एक वर्ग मंदिरापर्यंत चालत न्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका मैत्रिणीचा मेसेज आला; ती शिक्षिका आहे. “मुलांच्या हातात काय देऊ?” सत्याग्रह थांबवण्याविषयी बाबासाहेबांनी १९३४ मध्ये दादासाहेबांना लिहिलेलं पत्र मी तिला सुचवलं. चाळीस प्रती लागतील म्हणाली.