वाल्टरचा पियानो आणि मिरजेचा तंबोरा

पुण्याला माझी भाची पियानो शिकते. यंदा तिच्या बाईंनी बेथोव्हेनचा ‘मूनलाइट’ सोनाटा (सोनाटा म्हणजे काही भागांची वाद्यरचना) शिकवायला घेतला आणि तिचा मला फोन आला. “मावशी, तू तर व्हिएन्नातच राहतेस. सांग ना, कुणाचं रेकॉर्डिंग ऐकू?” शोधल्यावर तिच्यापुढे शेकड्याने नावं आली होती. त्यातलं एक लावलं तर तिला वाटलं, पियानो बिघडलाय. आवाज पातळ, लाकडी, खर्जातले सूर खरखरीत. ते रेकॉर्डिंग बेथोव्हेनच्या काळच्या घडणीच्या पियानोवरचं होतं. अशा पियानोला आता सगळीकडे फोर्टेपियानो म्हणतात.

त्याच आठवड्यात सांगलीच्या आमच्या जुन्या गायन मंडळाच्या ग्रुपवर वाद पेटला. मंडळाचे दोन तंबोरे आहेत, मिरजेचे, माझ्या आईच्या वेळेपासूनचे. एकाची जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून उठणारी गुंज, गेलीय, दुसऱ्याच्या भोपळ्याला चीर पडलीय, आणि तंबोरा नीट लावू शकणारी माणसं मंडळात दोन-तीनच उरलीत. काहींचं म्हणणं, फोनवर तंबोऱ्याचं ॲप आहे, एक चांगला स्पीकर घेऊ आणि तंबोरे कपाटात ठेवू. दुसऱ्यांचं म्हणणं, तंबोऱ्याविना गाणं म्हणजे देवाविना देव्हारा. मग एकमेकांना सोवळ्यातले आणि बाटगे म्हणून झालं. मी काही लिहायच्या आधीच एकाने लिहिलं, “तिकडे बसून बोलणं सोपं असतं.”

भाचीचा प्रश्न आणि मंडळाचा वाद मला एकच वाटतो, म्हणून हे लिहिते आहे.

व्हिएन्नात मला सोळा वर्षं झाली. पहिली काही वर्षं मी मोठ्या सभागृहांतच गेले. तिथे स्टाइनवे कंपनीचा नाहीतर इथल्याच ब्योझेनडॉर्फरचा आधुनिक पियानो असतो, आणि जुने पियानो हेल्डेनप्लात्झवरच्या वाद्यसंग्रहालयात बघायचे असतात. मग एका संध्याकाळी साठ-सत्तर खुर्च्यांच्या एका खोलीत मोत्झार्टचा ए मायनर सोनाटा ऐकला. वाद्य होतं आंटोन वाल्टरच्या पियानोची प्रतिकृती. वाल्टर हा व्हिएन्नाचा कारागीर. मोत्झार्टकडे त्याचाच पियानो होता आणि तो आज साल्झबुर्गला जपून ठेवलेला आहे. पहिली दोन मिनिटं मलाही भाचीसारखंच वाटलं. पण त्या सोनाट्याच्या सुरुवातीला डावा हात स्वरमेळ, म्हणजे एकदम वाजणारे सूर, ठोकत राहतो आणि त्यावर उजवा हात धून घेऊन चढतो. आजच्या पियानोवर हा डावा हात वादकाला सतत आवरावा लागतो, नाहीतर धून बुडते. इथे वादक दोन्ही हातांनी पूर्ण जोर लावत होता. वाद्य त्याच्या ताकदीच्या टोकाला गेलं होतं, लाकूड करकरत होतं आणि धून तरीही स्पष्ट वर होती. तोपर्यंत मोत्झार्ट मला नाजूक वाटत आला होता. त्या दिवशी तो संतापलेला ऐकला.

मध्यंतरात ट्यूनर आला आणि पुन्हा सगळ्या तारा लावायला बसला. अर्धी मंडळी खुर्च्यांवरून उठलीच नाहीत, ऐकत बसली. आपल्याकडे गवई दोन रागांच्या मधे तंबोरा मिळवायला घेतात तेव्हाची शांतता मला आठवली, आणि त्या शांततेत हल्ली कुणीतरी घड्याळ बघतं तेही आठवलं.

आता वाद्याच्या घडणीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण वाद तिथूनच सुरू होतो. १८००च्या सुमाराचा व्हिएन्नाचा पियानो लाकडी चौकटीचा. तारा बारीक आणि एकमेकींना समांतर, हातोड्यांच्या टोकांना चामडं. पट्टी दाबायची खोली आजच्या जवळपास निम्मी. दोन-तीन माणसं तो उचलून नेऊ शकतात. आजच्या मोठ्या स्टाइनवेचं वजन ४८० किलो, आत ओतीव लोखंडाची चौकट, तारांचा एकूण ताण वीस टनांच्या आसपास, खर्जाच्या तारा इतरांवरून तिरप्या नेलेल्या आणि हातोड्यांवर जाड नमदा. या वाद्याचा सूर खालपासून वरपर्यंत एकसारखा गोल आणि आस, म्हणजे सुराचं मागे टिकून राहणं, लांबलचक. जुन्या पियानोची आस लवकर विरते, आणि खर्ज, मधला भाग, वरचा भाग यांचे आवाज तीन वेगळ्या माणसांचे वाटावेत इतके निराळे असतात.

‘मूनलाइट’च्या पहिल्या भागावर बेथोव्हेनने १८०१ मध्ये एक सूचना लिहिली. हा सबंध भाग अतिशय हळुवारपणे आणि ‘सोर्दिनो’शिवाय वाजवावा. सोर्दिनो म्हणजे इथे तारांचा आवाज थांबवणाऱ्या गाद्या. म्हणजे गाद्या उचलूनच ठेवायच्या, तारा खुल्या. तंबोऱ्याच्या तारा छेडून सोडून देतो तशा. व्हिएन्नाच्या पियानोवर हे सहज होतं, कारण पुढचा स्वरमेळ येईपर्यंत मागचा विरत आलेला असतो आणि मागे फक्त त्याची धूसर छाया राहते. आजच्या पियानोवर तसंच केलं तर चिखल होतो, म्हणून बहुतेक वादक स्वरमेळ बदलला की गाद्या उचलणारं पायातलं पेडल सोडून पुन्हा दाबतात, म्हणजे पेडल बदलतात. बेथोव्हेनने मागितलेली छाया पुसली जाते. पियानोवादक आन्द्राश शिफ यांनी आजच्या पियानोवर ती सूचना पाळायचं धाडस केलंय, पेडल जवळजवळ न सोडता. त्यासाठी त्यांना लय पुढे न्यावी लागली, आणि बेथोव्हेनने तालाची खूणही दोन मात्रांची दिलेली आहे, चार मात्रांची नाही. लोकांना सवय झालेला संथ, झोपाळू ‘मूनलाइट’ हा आजच्या पियानोच्या लांब आशीने घडवलेला आहे. मला तो आता ऐकवत नाही.

अशा जागा आणखी आहेत. बेथोव्हेनच्याच ‘वाल्डस्टाइन’ सोनाट्याच्या शेवटी एका सप्तकाच्या अंतरावरच्या दोन सुरांवरून एकाच हाताने घसरत जायचं आहे. हलक्या, उथळ पट्ट्यांवर हात घसरतो, आजच्या पट्ट्यांवर बोटं सोलून निघतात, म्हणून अनेकजण ती जागा दोन हातांत वाटून घेतात. ओपस १०१ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) या सोनाट्यात त्याने लिहिलंय, ‘एका तारेवर’, आणि पुढे, ‘हळूहळू जास्त तारा’. जुन्या पियानोत एका सुराच्या तीन तारांपैकी एकीवरच हातोडा पडेल इतकी यंत्रणा सरकवता येई. आजच्या पियानोचं डावं पेडल तीनवरून दोनवर येतं, एकवर येतच नाही. म्हणजे कागदावर लिहिलेलं आजच्या वाद्यात नाहीच.

“बेथोव्हेनला आजचा पियानो मिळाला असता तर त्याने तोच घेतला असता,” असं माझे मेहुणे, भाचीचे वडील, मला म्हणाले. इथेही हे पुष्कळ लोक म्हणतात. कदाचित घेतलाही असता. पण मग त्याने हे सोनाटे लिहिले नसते, दुसरे लिहिले असते. आपल्या हातात आहेत ते या वाद्याशी बोलत, त्याच्याशी भांडत लिहिलेले आहेत.

म्हणून भाचीला मी आधी एकच सांगितलं. कलाकाराच्या नावाआधी वाद्याचं नाव शोध. ॲपवर ते बहुधा दिसत नाही, आल्बमच्या माहितीपुस्तिकेत असतं. आणि जुन्या वाद्याचं रेकॉर्डिंग लावलं की आवाज वाढवू नकोस. मोठ्या पियानोच्या पातळीला तो नेलास तर लाकडाची खडखडच मोठी होईल. रात्री, पंखा बंद करून, हळू आवाजात ऐक. पंधरा मिनिटांत कान लागतो.

बेथोव्हेनसाठी मी तिला रोनाल्ड ब्राउटिगामचा संच दिला. ज्या काळातला सोनाटा त्या काळच्या घडणीचा पियानो, म्हणजे स्टाइन, वाल्टर, ग्राफ या जुन्या कारागिरांच्या पियानोंच्या प्रतिकृती, पॉल मॅकनल्टी यांनी बनवलेल्या. त्याच्या शेजारी पाउल बादुरा-स्कोडा ठेवले. हे अस्सल व्हिएन्नाचे, २०१९ मध्ये गेले. त्यांनी सगळे सोनाटे आजच्या ब्योझेनडॉर्फरवरही वाजवले आणि स्वतःच्या संग्रहातल्या मूळ जुन्या पियानोंवरही. एकाच माणसाची दोन उत्तरं शेजारी ठेवून ऐकता येतात, ही मला फार मोठी देणगी वाटते. मूळ वाद्यांचा आवाज प्रतिकृतींपेक्षा असमान आहे, काही सूर थकलेले आहेत. आपल्याकडे जुनं लाकूड मुरतं, तंबोरा वयाने गोड होतो, असं मानतात. पियानोचं तसं होत नाही. दोनशे वर्षं तारांच्या ताणाखाली राहून त्याची चौकट वाकते, ध्वनिफलक तडकतो. बेथोव्हेनने ऐकला तो पियानो नवा कोरा होता. त्यामुळे मला स्वतःला चांगली प्रतिकृती जास्त खरी वाटते.

आणि नुसता काळ जुळून भागत नाही, गावही जुळावं लागतं. हायडनचा मोठा ई फ्लॅट सोनाटा १७९४ मध्ये लंडनमध्ये, तिथल्या भारदस्त, घुमणाऱ्या पियानोंच्या सहवासात लिहिला गेला. तो व्हिएन्नाच्या पियानोवर ऐकताना मला दरवेळी काहीतरी आखडल्यासारखं वाटतं.

आजच्या पियानोवरची रेकॉर्डिंग मी टाकून दिलेली नाहीत. बेथोव्हेनच्या शेवटच्या सोनाट्यातला, ओपस १११चा, दुसरा भाग मी विल्हेल्म केम्प्फकडेच ऐकते, साठच्या दशकातला. तिथे शेवटी उंचावर दोन शेजारच्या सुरांची झरझर चालणारी लांब कंपनं आहेत आणि त्यांच्याभोवती धून तरंगते. ते तरंगणं मला जुन्या वाद्यावर अजून मिळालेलं नाही. आर्तुर श्नाबेल यांनी १९३२ ते १९३५ मध्ये लंडनला सगळे सोनाटे पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केले. त्यात चुकलेले सूर आहेत आणि तरीही त्या संथ भागांसारखे संथ भाग नाहीत. शूबर्टचा बी फ्लॅट सोनाटा मात्र शिफ यांनी १८२०च्या सुमाराच्या ब्रोडमानच्या पियानोवर वाजवलेलाच ऐकावा. सुरुवातीच्या शांत धुनीनंतर खर्जात एक कंपन येतं. आजच्या पियानोवर ते दूरचा गडगडाट वाटतं. ब्रोडमानवर ते शेजारच्या खोलीत कुणीतरी उभं असल्यासारखं आहे.

आता सांगली. इथे राहून मला जे कळलं ते असं, की व्हिएन्नाचा हा जुना पियानो व्हिएन्नातूनच नाहीसा झाला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाच्या पद्धतीची यंत्रणा बनवणं इथल्या कारखान्यांनी सोडलं. बापाने मुलाला शिकवायचं थांबलं. चामडं किती जाड, तार कुठल्या धातूची, हे सगळं नंतरच्या लोकांना संग्रहालयातली वाद्यं मोजून, क्ष-किरण काढून, चुका करत पुन्हा शोधावं लागलं. मॅकनल्टी अमेरिकेतून येऊन चेक प्रजासत्ताकातल्या एका लहान गावात हे करत बसले आहेत. आणि वाद्याबरोबर ते ऐकणारा कानही गेला होता. म्हणून तर ते परत आलं तेव्हा लोकांना बिघडलेलं वाटलं.

मिरजेत हे घडलेलं नाही. तिथे सतारमेकरांची घरं आहेत, पंढरपूरकडून आलेला भोपळा वाळवणारे, तुणीचं लाकूड घडवणारे आणि घोडी घासून जवारी काढणारे हात अजून काम करताहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला आनंद झाला. पण मानांकनाने जवारी निघत नाही. ती कुणीतरी काढून घ्यावी लागते, पैसे देऊन, दरवर्षी.

ग्रुपवरच्या सोवळ्यातल्या मंडळींशीही माझं पटत नाही. वाद्याची शुद्धता हुकूम काढून टिकत नाही हे आपण पाहिलंय. १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत चालली. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, नाही हे कारण, आणि ते खोटं नव्हतं. पण त्या तीस वर्षांत पेटी मैफलीत वाजतच राहिली आणि सारंगिये कमीच होत गेले. ॲपवर रियाज करणाऱ्या मुलीला कुणी बाटगी म्हणू नये. एकटीने खोलीत गाताना मीही तेच लावते, व्हिएन्नात दुसरं काय लावणार? पण ॲपमधली तार दरवेळी तशीच वाजते. माझी आई तंबोरा लावायची तेव्हा मधल्या जोडीतल्या एकीला केसभर हलवायची आणि त्यातून गंधार उमटायचा, न छेडलेला. तो आम्हाला ऐकू यायला दोन वर्षं लागली. तंबोरे कपाटात गेले तर तो गंधार ऐकू यायला शिकवणार कोण?

भाचीचा काल संदेश आला. ब्राउटिगामचा ‘मूनलाइट’ तिने चार रात्री ऐकला. “खालचे सूर पुढच्यात मिसळतात ते आता चुकल्यासारखं वाटत नाहीये, पण बाई म्हणतात पेडल बदल. काय करू?” मी लिहिलं, परीक्षेत बाईंचं ऐक, घरी न बदलता वाजवून बघ आणि किती जलद वाजवलं तर चिखल होत नाही ते मला कळव.

डिसेंबरात मी येते आहे. मंडळाला लिहून कळवलंय की दोन्ही तंबोरे मी मिरजेला घेऊन जाईन, जवारी आणि भोपळ्याचं काम माझ्याकडे. भाचीही बरोबर येणार आहे, तिला घोडी घासताना आवाज कसा उघडत जातो ते बघायचंय.