नाइट वॉचमन आउट व्हायला जात नाही

'नाइट वॉचमन म्हणजे बळीचा बकरा' असं सांगणारा एक फॉरवर्ड सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. नाइट वॉचमन म्हणजे दिवसाचा खेळ संपायला थोडाच वेळ असताना विकेट पडली, की मुख्य फलंदाजाला वाचवायला त्याच्याआधी पाठवलेला, सहसा तळाचा फलंदाज. माझा भाचा शाळेकडून दोन दिवसांच्या मॅच खेळतो, बोलर आहे. तो वाचून मला विचारतो, "मामा, मला वर पाठवलं तर आउट झालो तरी चालतं ना?" नाही चालत!

'तळाच्या फलंदाजाची विकेट फुकटची, म्हणून ती संध्याकाळी देऊन टाकायची' हा त्यातला सगळ्यात घातक मुद्दा. अरे, तो आउट झाला तर ज्याला वाचवायचं होतं त्यालाच त्या अंधुक उजेडात उतरावं लागेल ना! शेवटची वीस मिनिटं, चार-पाचच षटकं उरलीत म्हणून जीव तोडून टाकणारे बोलर, बॅटभोवती स्लिप आणि शॉर्ट लेगला झेलासाठी टपलेले क्षेत्ररक्षक. तिथे बाहेरचा चेंडू सोडायचा, अंगावरचा जागच्या जागी पाडायचा आणि सकाळपर्यंत टिकायचं. ऑस्ट्रेलियाचा बोलर जेसन गिलेस्पी 2006 साली चितगावला बांगलादेशविरुद्ध पहिल्या संध्याकाळी असाच आला. त्याआधी कसोटीत त्याची सर्वोच्च धावसंख्या होती नाबाद 54. इथे 425 चेंडू खेळून नाबाद 201! फलंदाज मायकेल हसीबरोबर 320 धावांची भागीदारी. हा बकरा?

'नियमाप्रमाणे सकाळी तो परत जातो आणि मूळ फलंदाज येतो.' कुठला नियम? क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसी क्लबच्या नियमांत नाइट वॉचमन नावाचा प्रकारच नाही. नाणेफेकीआधी अकरा नावं द्यावी लागतात, फलंदाजीचा क्रम नाही. कोणाला कधी पाठवायचं हे कर्णधार ठरवतो, आणि गेलेला आउट होईपर्यंत खेळतो.

'तो अकराव्या नंबरचाच असतो', हेही चूक. 1979 मध्ये वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध भारताचे यष्टिरक्षक किरमाणींनी नाइट वॉचमन म्हणून येऊन नाबाद 101 केल्या होत्या.

ही चाल कधीकधी फसते, हे मात्र मानावं लागेल. 2024 मध्ये त्याच वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध नाइट वॉचमन म्हणून आलेला सिराज पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला, रिव्ह्यूही वाया गेला आणि पाठोपाठ कोहली धावबाद. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉला तर कर्णधार म्हणून ही पद्धतच पसंत नव्हती. पण तेवढ्यावरून 'आजवर कधीच उपयोग झाला नाही' म्हणायचं? 2025 च्या ओव्हल कसोटीत आकाश दीपने नाइट वॉचमन म्हणून येऊन 66 केल्या, जयस्वालबरोबर 107 जोडल्या, आणि ती कसोटी आपण 6 धावांनी जिंकलो.