बिग बॉसच्या घरातल्या त्या दोघी

मल्याळम बिग बॉसचा सातवा सीझन आपल्याकडे फारसा कुणी पाहिला नसेल. मला मल्याळमचा गंध नाही. तरी २०२५ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मी तो नेमाने पाहिला, ऑफिसमधल्या एका मल्याळी मैत्रिणीला विचारून विचारून. कारण त्यात अधिला नसरीन आणि फातिमा नूरा होत्या. दोघी एकमेकींच्या जोडीदार आहेत, आणि हे सगळ्या केरळला आधीपासून माहीत होतं.

कसं माहीत होतं ते सांगायला हवं. सौदी अरेबियात शाळेत असताना दोघींची ओळख झाली. पुढे प्रेम, मग घरी कळणं, मग विरोध, मग घर सोडणं. २०२२ च्या मे महिन्यात नूराच्या घरच्यांनी तिला जबरदस्तीने नेलं. अधिलाने केरळ उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका केली, म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी मागणी. ३१ मे २०२२ ला न्यायालयाने नूराला समोर बोलावलं, तिला काय हवं ते विचारलं आणि दोघींना एकत्र राहायची मोकळीक दिली.

आपल्या देशात कितीतरी लेस्बियन जोड्यांच्या आयुष्यात कोर्टाची पायरी अशी येते. मुलीला घरचेच डांबून ठेवतात आणि तिच्या मैत्रिणीला वकील शोधत फिरावं लागतं. ११ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला देशभरातल्या न्यायालयांसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, की अशा प्रकरणांत समुपदेशनाच्या नावाखाली मुलीचं मन वळवायचा प्रयत्न करू नका. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच एका तरुणीला घरच्यांच्या ताब्यातून मोकळं केलं आणि म्हटलं की लग्न हाच कुटुंब उभारायचा एकमेव मार्ग नाही, माणसं आपलं कुटुंब निवडूही शकतात. म्हणजे प्रश्न अजूनही दाराला लावलेल्या कडीचाच आहे.

आणि कोर्टाच्या आदेशाने एकत्र आलेल्या या दोघी तीन वर्षांनी आपणहून एका बंद घरात जाऊन राहिल्या, चोवीस तास कॅमेऱ्यासमोर. लोक विचारत होते, काय गरज होती? मला हा प्रश्नच पटत नाही. पैसा, काम, नाव यासाठी बाकीचे जातात तशाच त्याही गेल्या असतील. बाकीच्यांना कुणी गरज विचारत नाही.

सप्टेंबरमध्ये तिथल्या एका स्पर्धक बाई बोलून गेल्या की यांच्यासारख्यांना मी माझ्या घरात घेणार नाही. वीकेंडच्या भागात कार्यक्रमाचे सूत्रसंचालक, अभिनेते मोहनलाल आले. त्यांनी बाईंना सगळ्यांसमोर चांगलंच फैलावर घेतलं आणि सांगितलं, मी यांना माझ्या घरी बोलावेन. ती क्लिप तुमच्यापर्यंतही आली असेल. मला रडू आलं. मोहनलाल म्हणजे केरळात काय आहे हे मी सांगायला नको. ज्या घरात मुलीचा फोन काढून घेतलाय, तिला खोलीत बसवून ठेवलंय, त्या घरातही तो कार्यक्रम लागलेला असणार आणि तिच्या आईने ते वाक्य ऐकलं असणार. याचं मोल मला कमी करायचं नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे चर्चा काय चालली? यांना घरात घ्यायचं की नाही. पॅनेल बसली, रील आली, दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने बोलले. स्वतः कमावणाऱ्या, कोर्टातून हक्क मिळवून राहणाऱ्या दोन बायका, आणि प्रश्न असा की कुणी त्यांना आत येऊ देईल का. एका मोठ्या माणसाने मोठ्या मनाने हो म्हटलं म्हणून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या आणि मग बराच वेळ अस्वस्थ राहिले. रिअ‍ॅलिटी शोमध्ये लेस्बियन बाई आली की तिचा ताबडतोब एक ‘विषय’ होतो. इतरांना मतं असतात, तिला मात्र स्वतःची बाजू मांडत बसावं लागतं.

त्या सीझनमधलं मला काय सगळ्यात आवडलं असं विचाराल तर त्या दोघींची एकमेकींशी होणारी भांडणं. सुरुवातीला दोघी मिळून एकच स्पर्धक धरल्या होत्या, नंतर त्यांना वेगवेगळं केलं. मग खेळात कुणी कुणाचं ऐकायचं, कुणी कुणाला वाचवायचं यावरून धुसफूस सुरू झाली. एक रुसायची, दुसरी थोडा वेळ लक्ष नाही असं दाखवायची आणि मग शेजारी जाऊन बसायची. त्या पाच मिनिटांत त्या कुठल्याच विषयावर बोलत नव्हत्या. माझी मल्याळी मैत्रीण, जिला या सगळ्याशी फारसं देणंघेणं नाही, ती एका भागानंतर म्हणाली, ‘ही नूरा अगदी माझ्या नवऱ्यासारखी गप्प बसते गं.’ वर्षानुवर्षांच्या जनजागृतीच्या भाषणांतून जे होत नाही ते तिथे झालं होतं.

परदेशात हे सगळं फार आधी सुरू झालं आणि तिथेही गाडी बराच काळ रुळावर नव्हती. २००७ मध्ये एमटीव्हीने ‘अ शॉट अ‍ॅट लव्ह’ आणला. एक बाई, तिचं मन जिंकायला सोळा पुरुष आणि सोळा लेस्बियन बायका, आणि सगळा थरार कशाचा, तर ती बायसेक्शुअल आहे, म्हणजे तिला पुरुष आणि बायका दोन्ही आवडतात, हे त्यांना कसं सांगितलं जातं याचा. मग २०१० मध्ये शोटाइम वाहिनीवर ‘द रिअल एल वर्ड’ आला. त्याच्या निर्मात्या आयलीन चाइकन यांनीच आधी ‘द एल वर्ड’ ही लेस्बियन मैत्रिणींवरची गाजलेली मालिका केली होती, आता खऱ्या बायका घेऊन खरी आयुष्यं दाखवू म्हणाल्या. जागा मुख्यतः लॉस एंजेलिस, बहुतेक बायका सडपातळ, देखण्या, फॅशन नाहीतर सिनेमाच्या धंद्यातल्या. बोलबाला झाला तो कॅमेऱ्यासमोरच्या शरीरसंबंधांचा. तीन सीझन चालला आणि २०१२ मध्ये बंद पडला.

त्या कार्यक्रमावर पुष्कळ टीका झाली, ती योग्यच होती. पण त्यातला एक धागा माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या सीझनपासून केसी आणि कोरी या जोडप्याला मूल हवं होतं. दात्याचे शुक्राणू, तारखांचा हिशोब, पुन्हा पुन्हा निगेटिव्ह येणारी टेस्ट, त्यातला खर्च आणि दोघींमधला ताण, सगळं आपल्यासमोर होतं. अखेर दिवस राहिले, आणि मग ते मूल गेलं. नाइटक्लबमधल्या भांडणांच्या मधोमध अचानक हे दुःख येऊन उभं राहिलं. मला वाटतं, त्या तीन सीझनमध्ये लेस्बियन आयुष्याबद्दल सगळ्यात खरं काही दिसलं असेल तर ते तिथे. कारण तिथे दोघींना प्रेक्षकांना दाखवण्यासाठी काहीच करायचं नव्हतं. त्यांच्यावर काहीतरी कोसळलं होतं आणि कॅमेरा तिथे होता, एवढंच.

मे २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने ‘द अल्टिमेटम : क्वीअर लव्ह’ आणला, त्याबद्दल माझ्या मैत्रिणींशी माझे कडाक्याचे वाद झालेत. पाच जोड्या. प्रत्येकीत एकीला लग्न हवंय, दुसरी तयार नाही. जोड्या मोडायच्या, दुसऱ्या कुणाबरोबर तीन आठवडे संसार करून बघायचा, त्याला नाव ‘ट्रायल मॅरेज’, मग परत आपल्या माणसाबरोबर तीन आठवडे, आणि शेवटी निर्णय. मैत्रिणी म्हणतात, किती छान, सगळ्या पडद्यावर फक्त बायका, नाना रंगरूपाच्या, छोट्या केसांच्या, पुरुषी कपड्यांतल्या, लाजऱ्या, आडदांड. हे मला मान्य आहे. इतक्या तऱ्हेच्या बायका एकत्र दिसणं हीच मोठी गोष्ट होती. पण साचा आयता उचलला होता, स्त्री-पुरुष जोडप्यांच्या कार्यक्रमाचा, आणि त्या साच्यात प्रेमाची परीक्षा म्हणजे लग्नाची घाई. अमेरिकेत २६ जून २०१५ पासून समलिंगी लग्न देशभर कायदेशीर आहे, म्हणून तिथे असा अल्टिमेटम देता येतो. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला. इथे अल्टिमेटम आई-वडील देतात आणि सोबत मुलाचा बायोडेटा असतो.

जे कुठल्याच कार्यक्रमात दिसत नाही त्याबद्दलही बोलते. मी आणि माझी जोडीदार बरीच वर्षं एकत्र राहतो. सोसायटीत आम्ही ‘त्या दोघी मैत्रिणी’. मध्यंतरी आम्हाला जॉइंट अकाउंट उघडायचं होतं. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म हातात घेतला, आमच्याकडे पाहिलं आणि ‘नातं काय’ विचारून पेन वर धरून थांबल्या. २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलेलं आहे की एलजीबीटीक्यू व्यक्तींना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. मी ते पत्रक फोनवर काढून दाखवलं. बाईंनी शांतपणे सगळं वाचलं, आत साहेबांना विचारायला गेल्या, आणि आम्ही दोघी टोकन हातात धरून बसून राहिलो. आयुष्याचा केवढा तरी भाग असा जातो. यात चुंबन नाही, किंचाळणं नाही, म्हणून एडिटिंगच्या टेबलावर हे पहिल्यांदा कापलं जाईल. पण ज्या मुलीला वयाच्या सतराव्या वर्षी स्वतःबद्दल काहीतरी उमगतंय तिला हेच बघायला मिळायला हवं, की दोन बायका म्हाताऱ्या होईपर्यंत एकत्र राहतात, बँकेत जातात, भांडतात, गॅसचा नंबर लावतात.

आमच्यातल्याच काही जणींचं म्हणणं असतं की टीव्हीवर जाणाऱ्यांनी नीट वागावं, आपली बदनामी होते. अधिला-नूराबद्दलही हे ऐकलं. ही जबाबदारी त्यांच्यावर कुणी टाकली? बिग बॉसमध्ये आजवर कितीतरी नवरे तोंडाला येईल ते बोलले, तेव्हा कुणी समस्त नवरे जमातीवर निकाल दिला नाही. लेस्बियन बाई चिडकी असू शकते, कपटी खेळू शकते, हरू शकते. तिला वाईट स्पर्धक असण्याचीही मोकळीक पाहिजे.

मराठीत काय स्थिती आहे? मुंबईत १९९५ मध्ये स्त्री संगम सुरू झाली, आजची ‘लाबिया’, म्हणजे या शहरात लेस्बियन बायका संघटित होऊन तीन दशकं झाली. नागपुरात दोन डॉक्टर तरुणींनी २०२१ च्या डिसेंबरअखेर घरच्यांच्या साक्षीने अंगठ्या घातल्या, पेपरात फोटो आले. आणि आमच्या रिअ‍ॅलिटी शोमध्ये? कुणी लेस्बियन जोडी संध्याकाळी साडेआठ-नऊला माझ्या आईच्या टीव्हीवर आलेली मला आठवत नाही.

वाहिन्यांमध्ये काम करणारे काही जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, म्हणून त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. केरळातला शो संपल्यावर थोड्याच दिवसांत अधिला आणि नूरा एका बड्या उद्योजकाच्या गृहप्रवेशाला गेल्या. त्यानंतर त्या घरच्या यजमानांनी फेसबुकवर त्यांच्या येण्याबद्दल खेद व्यक्त करणारी पोस्ट टाकली, आणि टीका झाल्यावर ती काढली. शंभर दिवसांची प्रसिद्धी, मोहनलालांचं ते वाक्य, सगळं होऊनही.

तेव्हा तुम्ही उद्या अशी कुणी मुलगी निवडाल तर करारात एवढं घाला : तिच्या घरच्यांना काय माहीत आहे आणि काय नाही हे तिला आधी विचारलं जाईल, प्रोमोमध्ये तिची ओळख तिच्या परवानगीशिवाय फोडली जाणार नाही, तुमच्या पानावर तिच्याखाली येणाऱ्या घाणेरड्या कमेंट कुणीतरी रोज काढेल, आणि ती बाहेर पडल्यावर पुढचे सहा महिने वकील आणि समुपदेशक तुमच्या खर्चाने तिच्या पाठीशी असतील. ती कबड्डी खेळणारी असो, रिक्षा चालवणारी असो, लावणी करणारी असो, तिला त्यासाठी बोलवा. जोडीदार बरोबर येणार असेल तर तिचंही नाव पाटीवर वेगळं लिहा.