शिनवारी पाणी येणार नाही

परवा घरी आलेल्या पाहुण्यांचा सहावीतला मुलगा माझ्या लॅपटॉपसमोर जरा वेळ उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, हा बिघडलाय."

बिघडलेला नव्हता. चालू होता आणि उत्तम चालला होता. फक्त पडद्यावर करडा रंग होता आणि त्याशिवाय काहीही नव्हतं. चिन्हं नाहीत, खाली पट्टी नाही, कोपऱ्यात घड्याळ नाही. मी उजवं बटण दाबून एक चौकोन ओढला, तेव्हा तिथे एक खिडकी उघडली. खिडकी कुठे हवी आणि केवढी हवी, हे दर वेळी आपणच आखून द्यायचं. मुलाने ते पाहिलं आणि तो आईकडे गेला.

कॉम्प्युटर चालवणाऱ्या (विंडोजसारख्या) या सिस्टीमचं नाव प्लॅन नाइन. एका अतिसुमार इंग्रजी सिनेमावरून ठेवलेलं. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन-संस्थेतल्या ज्या मंडळींनी युनिक्स ही आधीची सिस्टीम केली, त्यांनाच १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात वाटलं की थोरल्याच्या वेळी आपल्या हातून ज्या चुका झाल्या, त्या धाकट्याच्या वेळी करायच्या नाहीत. धाकट्यावर खरोखर उत्तम संस्कार झाले. १९९२मध्ये तो पहिल्यांदा घराबाहेर पडला, विद्यापीठांत जाऊन आला. आज थोरल्याचा गोतावळा तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनपर्यंत पोचलाय आणि धाकट्याचं अजून कुठे जमलेलं नाही. २०११पासून काही हट्टी लोक त्याची नाइनफ्रंट नावाची आवृत्ती सांभाळतात. मी ती वापरतो.

आता, का? या प्रश्नाला मी माणूस पाहून उत्तर देत आलो आहे.

बायकोला सांगितलं होतं की जुना लॅपटॉप भंगारात जाण्यापासून वाचेल, नवा घ्यावा लागणार नाही, पैसे वाचतील. हे कारण तिला पटलं होतं. मग माउस आणायची वेळ आली. प्लॅन नाइनला तीन बटणांचा माउस लागतो. चाक दाबलं की तेच मधलं बटण होतं हे खरं, पण दिवसभर चाक दाबून तर्जनीचं काय होतं ते मला विचारा. म्हणून एका शनिवारी पुण्यातली तपकीर गल्ली, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, पालथी घातली.

"चाक नसलेला, तीन बटणांचा माउस आहे?"

"चाक आहे ना, तेच दाबायचं."

"बोट दुखतं हो."

"मग दाबू नका."

पाचव्या दुकानात माळ्यावरच्या खोक्यातून एक निघाला. त्याचा मूळ रंग पांढरा असावा. दुकानदाराने तो फुंकर मारून माझ्या हातात ठेवला आणि मला आजोबांसाठी घेताय का, असं विचारलं. वाचलेल्या पैशांतले बरेचसे त्या दिवशी रिक्षाला आणि पार्किंगला गेले.

पण एकदा बटणं मिळाली की मजा बघा. डाव्या बटणाने मजकूर निवडायचा आणि ते सोडायचं नाही. तसंच धरून मधलं दाबलं की मजकूर कापला जातो, उजवं दाबलं की चिकटतो. नक्कल हवी असेल तर कापून लगेच जागच्या जागी चिकटवायचं. मी मूळचा मिरजेचा. सतारी-तंबोऱ्यांच्या दुकानांवरून रोज शाळेत गेलो, पण बोटांना कसलं वळण लागलं नाही. ते पन्नाशीच्या तोंडावर माउसवर लागलं. त्यातला तोटा एकच. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हात सवयीने तेच करायला जातो आणि तिथे भलतंच काहीतरी पुसलं जातं.

ऑफिसमधल्या सहकाऱ्याला दिलेलं कारण जास्त भारदस्त होतं. म्हटलं, इथे सगळं म्हणजे सगळं फाइल आहे. पडदा ही फाइल, माउस ही फाइल. नेटवर्कसुद्धा फाइलींचा एक कप्पा. दुसऱ्या मशीनचा तो कप्पा आपल्याकडे जोडून घेतला की आपण तिच्या नेटवर्कवरून बोलायला लागतो, वेगळं काही बसवायला नको. शिवाय 'यस्टरडे' नावाची आज्ञा आहे, ती कोणतीही फाइल काल कशी होती ते दाखवते. (हा लेख मी तसा पाहिला. काल बरा होता.) सहकाऱ्याने सगळं मनापासून ऐकून घेतलं आणि विचारलं, "यावर एक्सेल चालतं का?"

एक्सेल चालत नाही. जुन्या पद्धतीच्या एक्सेल फायलीतून नुसता मजकूर उपसून काढणारी एक आज्ञा तेवढी आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनी मेंटेनन्सचा हिशेब "जरा नजरेखालून घाला" म्हणून पाठवला, तेव्हा मी तीच वापरली. आकडे छान आले. काकांनी थकबाकीदार लाल रंगात रंगवले होते, तो लाल मात्र वाटेत गळला. मी "सगळं व्यवस्थित आहे" असं कळवलं. सात थकबाकीदारांनी माझ्याबद्दल चांगलं बोलल्याचं नंतर कानावर आलं.

मात्र एक कारण असं आहे की ते सांगताना माझा आवाज खरंच भरून येतो. पूर्वी मराठी मजकूर पाठवला की ज्याच्याकडे तोच फॉण्ट नसेल त्याला इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसायचा. आज तसं होत नाही, याचं मोठं श्रेय यूटीएफ-८ला, म्हणजे जगभरच्या लिप्यांची चिन्हं कॉम्प्युटरमध्ये साठवायच्या पद्धतीला. ती बेल लॅब्जमधल्याच केन थॉम्प्सन यांनी सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडली. समोर त्यांचे सहकारी रॉब पाइक बसले होते. आणि काही दिवसांत ती पहिल्यांदा नांदायला गेली ती प्लॅन नाइनच्याच घरी. तुम्ही आत्ता हे जे वाचताय ते त्या कागदावरच्या हिशेबाने, एकेका चिन्हाला तीन बाइट देऊन, तुमच्यापर्यंत आलंय.

म्हणून मी मोठ्या भक्तिभावाने देवनागरीचा फॉण्ट बसवला आणि पहिला शब्द गावाचा लिहायचा ठरवला. एका चिन्हासाठी आधी ऑल्ट, मग एक्स, मग त्याचा चार अंकी-अक्षरी क्रमांक, अशी सहा बटणं. मिरजेला चोवीस. मोहीम फत्ते झाल्यावर पडद्यावर पाहिलं तर लिहिलं होतं, 'मरिज'.

गावातल्या दवाखान्यांची संख्या पाहता तेही चुकीचं नव्हतं. पण झालं होतं असं, की ही सिस्टीम चिन्हं ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने शेजारी शेजारी मांडते. पहिली वेलांटी साठवताना अक्षरानंतर असते आणि दाखवताना अक्षराच्या आधी काढायची असते, हे तिच्या गावीही नाही. जोडाक्षरांचा तर प्रश्नच नको. 'महाराष् ट् र' असे सगळ्यांचे पाय मोडून बसवलेले. जिने जगभरच्या लिप्यांसाठी दार उघडलं, तिला स्वतःला 'क्ष' काढता येत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

शहाण्या माणसाने इथे थांबायचं असतं. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रोमनमध्ये टाइप करायचं, तो देवनागरी करून देतो आणि जाता जाता प्रत्येक पहिली वेलांटी उचलून अक्षराच्या आधी ठेवतो. मिरज झकास 'मिरज' दिसायला लागली. मोडक्या पायांची मला सवय झाली. आपण वेलांटीला फसवलंय हे तीन आठवड्यांत मी साफ विसरलो.

मग सेक्रेटरीकाका टाकीच्या सफाईची नोटीस घेऊन आले. "तुमचं मराठी चांगलं आहे, दोन ओळी लिहून द्या." मी लिहिल्या, पेनड्राइव्हवर घालून दिल्या. काकांनी तो झेरॉक्सवाल्याकडे दिला, वॉचमनने प्रती घेऊन तिन्ही लिफ्टमध्ये चिकटवल्या. संध्याकाळी भाजी घेऊन येताना मी ती वाचली:

"सर्व रिहवाशांना िवनंती. शिनवारी टाकी साफ होणार असल्याने िदवसभर पाणी येणार नाही. — सिचव, किमटी."

झेरॉक्सवाल्याची सिस्टीम शुद्ध वागली होती. तिने वेलांटी आधीच्या अक्षराला दिली. जिथे आधी अक्षरच नव्हतं, तिथे बिचारीला बसायला ठिपक्यांचं एक वर्तुळ काढून दिलं.

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "शिनवार रविवारच्या आधी येतो की नंतर?" अशी चौकशी सुरू झाली. दोन घरांनी तारीख नाही म्हणून पाणी भरलंच नाही. बी विंगमधल्या निवृत्त मराठीच्या बाईंनी आपल्या लिफ्टमधली प्रत लाल पेनाने तपासली, चुकांना गोल केले आणि खाली सही केली. काकांना सगळ्यात जास्त 'सिचव' लागलं होतं. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस.

ते रात्री वर आले. मी वेलांटीचा क्रम, न्यू जर्सी, ताटाखालचा कागद, सगळं सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला.

"राहू द्या. यापुढे नोटिसा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा करील. हिशेबही त्याच्याकडेच देतो. त्या प्रिंटरचं बघणार होतात ना, तेही नको. तुम्ही आता काहीच करू नका."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती शाळेत शिकवते. रोज रात्री साडेनऊनंतर तिच्या फोनवर कुठल्या ना कुठल्या माहितीचा तक्ता येतो, आणि तो उद्या सकाळपर्यंत भरून हवा असतो, कारण "मॅडम, तुम्हाला कॉम्प्युटरचं जमतं."

काका गेल्यावर तिने दार लावलं, फोन उपडा ठेवला आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली.

"ते मधलं बटण कशासाठी असतं म्हणालास?"